पिएर नोरा : संपादनातून घडलेला इतिहासकार

प्रस्तावना

इतिहासकाराचे मोठेपण सामान्यतः त्याने लिहिलेल्या ग्रंथांवरून ठरविले जाते. फ्रेंच इतिहासकार व प्रकाशक पिएर नोरा (१९३१–२०२५) यांच्या बाबतीत हा निकष अपुरा पडतो. १९६१ साली त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यानंतर त्यांचे स्वतःचे लेखसंग्रह ग्रंथरूपाने येण्यास २०११ साल उजाडावे लागले. मधल्या अर्धशतकात त्यांनी इतरांची पुस्तके निवडली, ग्रंथमाला उभारल्या, नियतकालिक चालविले आणि शंभराहून अधिक अभ्यासकांना एका योजनेत गुंफले. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील फ्रेंच इतिहासलेखनाचा विचार त्यांना वगळून करता येत नाही. निवड करणे ही संपादकाची मूलभूत कृती होय. नोरा यांच्या हाती ती इतिहासलेखनाची पद्धती बनली. या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा यांचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जडणघडण व पहिला ग्रंथ

नोरा यांचा जन्म पॅरिसमधील एका सुस्थित ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे वडील गास्तों नोरा हे शल्यचिकित्सक होते, तर थोरले बंधू सिमों नोरा पुढे उच्चपदस्थ शासकीय अधिकारी म्हणून नावारूपास आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या कुटुंबाला आग्नेय फ्रान्समधील व्हेर्कोर या डोंगराळ प्रदेशात आश्रय घ्यावा लागला. फ्रेंच असणे म्हणजे काय, हा प्रश्न नोरा यांच्यासमोर बालपणीच उभा राहिला, असे म्हणता येईल. पुढे ‘एकोल नॉर्माल सुपेरियर’ या प्रतिष्ठित संस्थेच्या प्रवेशपरीक्षेत त्यांना तीन वेळा अपयश आले. १९५८ मध्ये ते इतिहास विषयातील ‘आग्रेगासियों’ ही अध्यापनाची स्पर्धापरीक्षा उत्तीर्ण झाले व अल्जीरियातील ओराँ शहरात शिक्षक म्हणून रुजू झाले.

अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध त्या वेळी ऐन भरात होते. तेथील दोन वर्षांच्या वास्तव्यातून ‘ले फ्राँसे दाल्जेरी’ (अल्जीरियातील फ्रेंच) हा ग्रंथ १९६१ साली सिद्ध झाला. वसाहतीतील युरोपीय रहिवाशांची मानसिकता, त्यांचा अहंभाव आणि स्थानिक अरब समाजाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी यांची नोरा यांनी परखड चिकित्सा केली. त्यांचे विद्यार्थिदशेतील मित्र व अल्जीरियातच जन्मलेले तत्त्वज्ञ झाक देरिदा यांनी या पुस्तकावर एक प्रदीर्घ पत्र लिहिले. नोरा यांनी तेथील फ्रेंचांना सरसकट एकाच मापाने मोजले, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. हे पत्र २०१२ मध्ये ग्रंथाच्या नव्या आवृत्तीसोबत प्रसिद्ध झाले. वसाहतवादाचा प्रश्न नोरा यांनी आरंभीच आणि अगदी जवळून हाताळला होता, हे येथे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

गालिमारमधील कार्य

१९६४ मध्ये जुल्यार या प्रकाशनसंस्थेत ‘आर्शीव्ह’ ही मूळ दस्तऐवजांवर आधारित ग्रंथमाला सुरू करून नोरा यांनी प्रकाशनक्षेत्रात पदार्पण केले. पुढच्याच वर्षी ते गालिमार या अग्रगण्य संस्थेत दाखल झाले. गालिमारची ख्याती तोवर प्रामुख्याने ललित साहित्यासाठी होती. नोरा यांनी १९६६ मध्ये मानव्यविद्यांची आणि १९७१ मध्ये इतिहासाची, अशा दोन स्वतंत्र ग्रंथमाला आरंभिल्या. मिशेल फूको यांचा ‘ले मो ए ले शोझ’ आणि भाषाशास्त्रज्ञ एमिल बँव्हनिस्त यांचे सामान्य भाषाविज्ञानविषयक निबंध हे पहिल्या मालेतील आरंभीचे ग्रंथ होत. भारतीय वाचकाच्या दृष्टीने विशेष उल्लेखनीय बाब अशी की, लुई ड्यूमाँ यांचा जातिव्यवस्थेवरील ‘होमो हायरार्किकस’ हा ग्रंथही याच मालेत प्रसिद्ध झाला. भारतीय समाजशास्त्रात दीर्घकाळ चर्चिल्या गेलेल्या या ग्रंथाचे मूळ प्रकाशन नोरा यांच्या योजनेचा भाग होते. इतिहासमालेत इमान्युएल ल रॉय लादुरी यांचा ‘माँतायू’ आणि फूको यांचा ‘स्युर्व्हेये ए प्युनीर’ हे दोन्ही ग्रंथ १९७५ साली आले.

वरील नावांमध्ये वैचारिक एकवाक्यता नाही. संरचनावादी, इतिहासकार, समाजशास्त्रज्ञ अशा भिन्न प्रकृतीच्या लेखकांना एका मुखपृष्ठशैलीखाली आणल्यामुळे विद्वज्जनांपुरते मर्यादित असलेले लेखन सुशिक्षित सर्वसामान्य वाचकापर्यंत पोहोचले. झाक ल गॉफ यांच्यासमवेत नोरा यांनी १९७४ मध्ये संपादित केलेला ‘फेर द लिस्त्वार’ हा त्रिखंडात्मक ग्रंथ या वृत्तीचा उत्तम नमुना आहे. नव्या समस्या, नवे दृष्टिकोन व नवे विषय अशी त्याची विभागणी असून इतिहासशास्त्राच्या तत्कालीन स्थितीचा तो आलेखच ठरला. १९८० मध्ये त्यांनी ‘ल देबा’ हे नियतकालिक सुरू केले. मार्सेल गोशे यांच्या सहकार्याने ते २०२० पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे चालले.

‘ले ल्यू द मेम्वार’ : संपादकाची महाकृती

१९८४ ते १९९२ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झालेला ‘ले ल्यू द मेम्वार’ (स्मृतिस्थळे) हा नोरा यांच्या कीर्तीचा मुख्य आधार होय. प्रजासत्ताक, राष्ट्र आणि ‘अनेक फ्रान्स’ अशा तीन भागांत सुमारे १३० अभ्यासकांचे लेखन त्यात आले आहे. येथे ‘स्थळ’ या शब्दाचा अर्थ केवळ भौगोलिक नाही. तिरंगी ध्वज, राष्ट्रगीत, पॅन्थिऑन, चौदा जुलैचा उत्सव, व्हेर्दूँची रणभूमी, शालेय पाठ्यपुस्तक, सायकलशर्यत, द्राक्षमळे व मद्य अशा ज्या ज्या ठिकाणी सामूहिक स्मृती साकळून राहिली आहे, ते प्रत्येक ‘स्मृतिस्थळ’ ठरते.

सामूहिक स्मृतीची संकल्पना समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्ब्वाक्स यांनी पूर्वीच मांडली होती. नोरा यांनी स्मृती व इतिहास यांतील भेद अधिक तीव्र केला. त्यांच्या मते स्मृती ही जगणाऱ्या समूहांसोबत बदलत राहते, तर इतिहास ही गतकाळाची बौद्धिक पुनर्रचना असते. ग्रामीण समाज विरल्यामुळे स्मृती जेथे सहज नांदत होती ते परिसर लोपले, म्हणूनच तिची ‘स्थळे’ जपण्याची निकड निर्माण झाली. काय घडले यापेक्षा घडलेले पुढील पिढ्यांनी कसे वापरले, हा प्रश्न येथे केंद्रस्थानी येतो. ही दृष्टी इतकी रुजली की जर्मनी, इटली आदी देशांत अशाच स्वरूपाचे प्रकल्प हाती घेण्यात आले. स्मरणोत्सवांचा अतिरेक तपासण्यासाठी योजलेली ही संज्ञा पुढे स्मरणोत्सवांचीच परिभाषा बनली. या विपर्यासाची नोंद नोरा यांनी अखेरच्या खंडातील समारोपाच्या निबंधात स्वतःच घेतली आहे.

निवडीची मर्यादा

तथापि, निवडीवर उभारलेल्या ग्रंथाची परीक्षा त्यातून वगळलेल्या गोष्टींवरूनही करावी लागते. सात खंडांच्या या विस्तारात फ्रेंच वसाहतींचा विचार प्रामुख्याने एकाच लेखापुरता, शार्ल-रोबेर आजेरों यांच्या १९३१ च्या वसाहत प्रदर्शनावरील लेखापुरता, मर्यादित राहिला. पेरी अँडरसन, ह्यू-ताम हो ताय प्रभृती अभ्यासकांनी या उणिवेवर बोट ठेवले आहे. संपादकाला हा विषय अपरिचित असता, तर या उणिवेचे समर्थन करता आले असते. परंतु ज्या लेखकाने अल्जीरियावरील ग्रंथाने आपल्या लेखनाचा प्रारंभ केला, त्याच्याच महाप्रकल्पात अल्जीरियाला स्वतंत्र स्थान मिळू नये, ही बाब विचारप्रवर्तक आहे. येथे राष्ट्राची स्मृती ही युरोपातील भूमीच्या चौकटीत पाहिली गेली. त्या राष्ट्राने ज्यांच्यावर राज्य केले त्यांची स्मृती चौकटीबाहेर राहिली.

निवडीचा हाच प्रश्न एरिक हॉब्सबॉम यांच्या विसाव्या शतकाच्या इतिहासासंदर्भात उपस्थित झाला. हॉब्सबॉम यांचा राष्ट्रवादावरील ग्रंथ १९९२ मध्ये नोरा यांच्याच इतिहासमालेत आला होता. मात्र ‘एज ऑफ एक्स्ट्रीम्स’ (१९९४) या ग्रंथाला फ्रेंच प्रकाशक मिळेना. अनुवादाचा मोठा खर्च आणि क्रांतिकारी विचारांशी दूरान्वयाने जरी निष्ठा दिसली तरी त्याकडे साशंकतेने पाहणारे फ्रान्समधील वातावरण, ही कारणे नोरा यांनी १९९७ मध्ये ‘ल देबा’मधून स्पष्टपणे मांडली. त्याच अंकात त्यांनी या ग्रंथावर चर्चा घडवून हॉब्सबॉम यांना उत्तराची संधी दिली, हेही नमूद केले पाहिजे. अखेरीस १९९९ मध्ये ब्रुसेल्समधील एका प्रकाशनसंस्थेने ‘ल माँद दिप्लोमातीक’च्या सहकार्याने तो फ्रेंच भाषेत आणला.

इतिहासाच्या स्वातंत्र्याचा पक्ष

२००५ मध्ये नोरा यांच्या कार्याला सार्वजनिक संघर्षाचे परिमाण लाभले. त्यांच्या इतिहासमालेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या गुलामांच्या व्यापारावरील ग्रंथाचे लेखक ऑलिव्हिए पेत्रे-ग्रनुयो यांनी एका मुलाखतीत केलेल्या विधानांवरून त्यांच्यावर खटला भरण्यात आला. गुलामगिरीला मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरविणारा २००१ चा कायदा त्यास पार्श्वभूमी होता. डिसेंबर २००५ मध्ये नोरा यांच्यासह १९ अभ्यासकांनी ‘इतिहासाला स्वातंत्र्य’ या शीर्षकाचे आवाहन केले. वसाहतवादाच्या ‘सकारात्मक भूमिके’चा पुरस्कार करणाऱ्या २००५ च्या कायद्यातील तरतुदीलाही त्यांनी तितकाच विरोध दर्शविला. पुढे ती तरतूद रद्द झाली आणि खटलाही मागे घेण्यात आला. गतकाळाचे सत्य संसदेने ठरवू नये, ही त्यांची भूमिका तत्त्वतः बळकट आहे. परंतु असे कायदे मागणाऱ्या समूहांची तक्रार मुळात राष्ट्राच्या मान्य स्मृतीत आपणांस स्थान नाही, अशी होती. ‘स्मृतिस्थळां’च्या सात खंडांपाशी ही तक्रार निराधार ठरत नाही.

समारोप

नोरा २००१ मध्ये फ्रेंच अकादमीवर निवडून आले. ‘झ्यनेस’ (२०२१) आणि ‘युन एत्रांज ऑब्स्तिनासियों’ (२०२२) या आत्मपर ग्रंथांतून त्यांनी उतारवयात आपल्या आयुष्याचा मागोवा घेतला. २ जून २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. संपादन हे लेखनाहून दुय्यम कार्य आहे, हा समज त्यांच्या कारकिर्दीने खोटा ठरविला. मात्र संपादन हेही इतिहासलेखनच असेल, तर लेखकाला लागू होणारे उत्तरदायित्व संपादकालाही लागू होते. इतिहासाचे स्वातंत्र्य कायद्याने जसे संकोचते, तसे ते मान्यवर ग्रंथमालांच्या अनुक्रमणिकांमधूनही संकोचू शकते. पहिला धोका नोरा यांनी अचूक ओळखला आणि त्याविरुद्ध ते ठामपणे उभे राहिले. दुसऱ्या धोक्याचा पुरावा मात्र त्यांनीच उभारलेल्या भव्य ग्रंथात सापडतो. पुढील अभ्यासकांना त्यांची पद्धती स्वीकारताना हा पुरावाही सोबत वाचावा लागेल.