विद्वत्सभा आणि अनुदानमंडळ

सामाजिक शास्त्रांना राष्ट्रीय अकादमी कशासाठी हवी, या प्रश्नास सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात : विद्वानांचा गौरव व्हावा म्हणून, आणि संशोधनास द्रव्यसाहाय्य मिळावे म्हणून. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, असे ब्रिटनच्या अनुभवावरून म्हणणे प्राप्त होते.

त्या देशात अनुदान देणारी 'सामाजिक शास्त्र संशोधन परिषद' १९६५ साली स्थापन झाली. पुढे सर कीथ जोसेफ मंत्री असताना तिच्या उपयुक्ततेविषयी शंका उपस्थित करण्यात आली व चौकशी लॉर्ड रॉथ्सचाइल्ड यांच्याकडे सोपविली गेली. परिषद मोडू नये, असाच अभिप्राय त्यांनी १९८२ साली दिला. परिषद वाचली, परंतु १९८३ साली तिच्या नावातून 'शास्त्र' हा शब्द गळाला आणि ती 'आर्थिक व सामाजिक संशोधन परिषद' झाली. जी संस्था शासनाच्या द्रव्यावर चालते, तिला आपल्या नावाचेही रक्षण करणे कठीण जाते, हा यातील बोध होय. त्याच सुमारास तेथील विद्वत्संस्था एकत्र आल्या. त्या संघटनेतून १९९९ साली अकादमी उभी राहिली व २००७ पासून ती 'सामाजिक शास्त्रांची अकादमी' या नावाने ओळखली जाते.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास येथे एक गोष्ट जाणवते. मराठीत अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि रसायनशास्त्र यांना एकच उत्तरपद लागते. त्यामुळे इंग्रजीतील हा वाद आपल्या भाषेत नीट मांडताही येत नाही. परंतु पद आयते मिळाले म्हणून शास्त्रीयता सिद्ध होत नाही. ती सिद्ध करण्याचे, आणि प्रसंगी नाकारण्याचे, काम समव्यवसायी विद्वानांनीच करावयाचे असते.

या कसोटीवर ब्रिटिश अकादमीतही उणीव दिसते, असे आमचे मत आहे. २०११ पासून तिने सामाजिक शास्त्रांच्या पुरस्कारार्थ जी मोहीम चालविली आहे, तिचे प्रयोजन समजण्याजोगे आहे. तथापि शासनापुढे उपयुक्ततेचे समर्थन सतत करीत राहिल्यास शासनाचेच माप आपले माप होऊन बसते. आपल्या शास्त्राचा एखादा दावा कच्चा असेल, तर तो कच्चा आहे असे प्रथम अकादमीने म्हटले पाहिजे. वकील आणि परीक्षक या दोन भूमिकांपैकी दुसरी अधिक अवघड, म्हणूनच अधिक मोलाची.

आपल्याकडे भारतीय सामाजिक शास्त्र संशोधन परिषद १९६९ साली शासनाने स्थापिली. पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ व पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांच्यासारखी माणसे तिला लाभली, हे तिचे भाग्य. परंतु ती प्रकृतीने अनुदानमंडळ आहे. अनुदान देणारा हात आणि न्याय करणारी जिव्हा एकाच देहाची असली, की जिव्हा जपून बोलू लागते. यास्तव परिषदेकडून अकादमीचे कार्य अपेक्षिणे तिच्यावरही अन्यायाचे आहे. ते कार्य विद्वानांनी निवडलेल्या, स्वायत्त विद्वत्सभेचेच होय.