ओळ कानाची, पान डोळ्यांचं

मंडळी, ‘काय ओळ आहे!’ असं आपण सगळेच म्हणतो. ती ओळ वहीत उतरवून घेतो, बोलताना वापरतो आणि पुष्कळदा बाकीची कविता विसरून जातो. म्हणून आज विचारू, की ओळीचं बळ नुसत्या शब्दांत असतं, की पानावरच्या जागेतही?

आधी आपल्या घरातलं पाहू. हस्तलिखित पोथीत ओव्या सलग लिहिलेल्या असत. तरी म्हणणारा अडखळत नसे. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. तिथे कान आपोआप थांबतो. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. म्हणजे इथे ओळ कानात तयार होते. छापणाऱ्याने ती कुठेही मोडली तरी तिचं फारसं बिघडत नाही.

आता अरुण कोलटकरांची इंग्रजी ‘जेजुरी’ घ्या. पुस्तक १९७६ चं, पुढच्याच वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. कोलटकर जे. जे. त शिकलेले, जाहिरातक्षेत्रातले नावाजलेले ग्राफिक कलावंत. पुस्तकाच्या शेवटाकडे, गाव सोडून स्टेशनकडे निघालेल्या माणसाला वाटेत ज्वारीच्या शेतात कोंबड्या-कोंबडे उड्या मारताना दिसतात. तिथे छपाईच बदलते. मोजकेच शब्द, पण पानभर वरखाली विखुरलेले, जणू अक्षरंच नाचताहेत.

खरं सांगायचं तर पहिल्या वाचनात आम्ही ते पान गंमत म्हणून उलटलं होतं. उतरवून घ्यावी अशी ओळच तिथे नव्हती! पुढे कधीतरी तेच शब्द सरळ रांगेत लिहून पाहिले. उरलं काय? ‘कोंबड्या उडताहेत’ एवढी बातमी. मग लक्षात आलं, की देवळांतून, पुजाऱ्यांतून, दगडांतून फिरताना हा माणूस कोरडाच राहिलेला असतो. अंगात यावं तसा आनंद त्याला पहिल्यांदा दिसतो तो या शेतात. आणि कवी तो आनंद सांगत नाही, आपल्या डोळ्यांना वरखाली नाचवतो. देवळात जे घडलं नाही ते पानावर घडतं.

आमची कसोटी इथूनच आली: कविता सरळ करून पाहा. काही हरवलं नाही, तर तो आकार नुसती सजावट. अर्थ हरवला, तर आकार हाच अर्थ होता.

कुणी म्हणेल, मोठ्याने वाचताना हे सगळं जातंच की! जातं, आणि आज व्यासपीठावरून बोलताना आम्हालाही ते जाणवतंय. म्हणून तर बोलायचं. हल्ली कविता फोनवरून फिरतात, पडद्याच्या रुंदीप्रमाणे ओळी मोडतात. अभंग त्यातून तरून जातो. ही कोंबडी नाही तरणार. तेव्हा एवढंच करा, की आवडलेली कविता पुढे धाडण्याआधी एकदा तिचं छापील पान बघून घ्या.