खाणीत न उतरलेला कोशकार

गेल्या मे महिन्यात वडिलांचा मेसेज आला, ‘उद्या रानात कळव मारायचा आहे.’ आधी काही कळेचना. मग लक्षात आलं, त्यांनी ‘कुळव’ लिहिलं होतं आणि कीबोर्डने ते परस्पर बदललं होतं. नांगरटीनंतर रान भुसभुशीत करायचं ते अवजार. मला हसू आलं, पण फार टिकलं नाही, कारण त्या कीबोर्डची मराठी शब्दयादी करणाऱ्या टीममध्ये मी होतो. बातम्या आणि वेबसाइटींवरचा मजकूर गोळा करायचा आणि ठरावीक वेळांपेक्षा कमी आलेले शब्द गाळायचे, हा नियम मीच लिहिला होता.

त्याच दिवसांत मी सॅम्युअल जॉन्सनच्या इंग्रजी कोशाची प्रस्तावना वाचत होतो. १५ एप्रिल १७५५ला लंडनमध्ये हा कोश प्रसिद्ध झाला. चाळीस हजारांहून जास्त शब्द आणि एक लाखाहून जास्त अवतरणं. हाताखाली शब्द उतरवून घेणारे सहा जण, त्यातले पाच स्कॉटिश. तीन वर्षांत संपवतो म्हणून घेतलेलं काम आठ-नऊ वर्षं चाललं. प्रोजेक्टच्या डेडलाइनचं हे गणित आपल्याला नवं नाही.

जॉन्सनचं मोठेपण त्याच्या पद्धतीत आहे. तो आधी पुस्तकं वाचायचा, शब्दाखाली रेघ मारून समासात त्याचं आद्याक्षर लिहायचा. मदतनीस ते वाक्य उतरवून घ्यायचे. अर्थ त्या वाक्यांमधून ठरायचा. म्हणजे ‘या शब्दाचा अर्थ हा आहे, कारण मी सांगतो’ असं न म्हणता तो ‘हे बघा, असा वापरलाय’ म्हणून पुरावा समोर ठेवायचा. इंग्रजीत एवढ्या प्रमाणावर हे आधी कुणी केलं नव्हतं. एकट्या ‘टेक’ या क्रियापदाचे त्याने १३४ अर्थ नोंदवले. १६०४मध्ये रॉबर्ट कॉड्रीने केलेल्या कोशात फक्त अडीचेक हजार अवघड शब्द होते, हे आठवलं की या कामाचा आवाका कळतो.

आणखी एक गोष्ट मला आवडते. १७४७च्या आराखड्यात जॉन्सनला भाषा स्थिर करायची होती. १७५५च्या प्रस्तावनेत तो उघड कबूल करतो की ती अपेक्षा चुकीची होती, भाषा कुणाच्या रोखण्याने थांबत नाही. स्वतःचा डिझाइन डॉक्युमेंट चुकला हे एवढ्या मोकळेपणाने लिहिणारे कमीच.

पण याच प्रस्तावनेत एक जागा मला खटकली. जॉन्सन म्हणतो की खाणकामगारांची भाषा शिकायला मी खाणीत उतरू शकलो नाही, खलाशांचे शब्द गोळा करायला समुद्रावर जाऊ शकलो नाही. इथपर्यंत ही प्रामाणिक अडचण आहे. एका माणसाने किती करायचं? पण लगेच पुढे तो सांगतो की कष्टकऱ्यांची बोली बरीचशी तात्पुरती असते, ती जपून ठेवण्याच्या लायकीची नसते. ‘जमलं नाही’ म्हणता म्हणता तो ‘गरजच नव्हती’वर येतो. अडचणीचं तत्त्व होतं, आणि वाचताना ते सहज निसटतं.

पुरावा हवा हे तत्त्व योग्यच. प्रश्न कुणाचा पुरावा, हा आहे. जॉन्सनने मुख्यतः त्याला आदर्श वाटणारे लेखक घेतले. विचार पटत नव्हते म्हणून टॉमस हॉब्जला टाळलं. धंद्यांचे शब्द घेतले तेही बरेचसे इतरांच्या छापील कोशांमधून. त्याची किंमत त्यालाही मोजावी लागली. ‘पास्टर्न’ म्हणजे घोड्याच्या पायाचा खुराच्या लगेच वरचा भाग. जॉन्सनने अर्थ दिला घोड्याचा गुडघा. एका बाईंनी कारण विचारलं तेव्हा त्याने सरळ सांगितलं, अज्ञान. तबेल्यातल्या कुठल्याही पोराने हा शब्द त्याला नीट सांगितला असता.

या निवडीचा परिणाम लांबवर गेला. पुढच्या ऑक्सफर्ड कोशाने अवतरणांची पद्धत कितीतरी विस्तारली आणि जॉन्सनच्या काही व्याख्या त्याच्या नावाच्या खुणेसह तशाच ठेवल्या. २००८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदूक बाळगण्याच्या हक्काबद्दलच्या हेलर खटल्यात अठराव्या शतकात ‘आर्म्स’चा अर्थ काय होता, हे ठरवताना जॉन्सनच्या १७७३च्या आवृत्तीचाही आधार घेतला. त्या काळच्या लोकांना काय कळत होतं, हे आपण त्या काळच्या मान्यवर पुस्तकांना विचारतो आहोत, हे अशा वेळी लक्षात ठेवायला हवं.

हे सगळं जॉन्सनला सुनावणं सोपं आहे. त्याच्याकडे सहा माणसं होती, माझ्याकडे सर्व्हर होते. तरी माझ्या नियमाशेजारी मी एक टीप लिहिली होती: ‘कमी वेळा आलेले शब्द: कचरा.’ माझा बाप रोज वापरतो तो शब्द त्या कचऱ्यात होता. तो छापून येत नाही, कारण कुळव मारणारी माणसं बातम्या लिहीत नाहीत.

मर्यादा अजून तीच आहे, ती ठरवणं एकट्याच्या हातात नाही. पण टीप मी बदलली: ‘यांचा पुरावा आमच्याकडे नाही.’ आणि रविवारी वडिलांना फोन करून अवजारांची नावं लिहून घेतो. कुळव, पाभर, चाडं. परवा ते मध्येच थांबून म्हणाले, ‘हे सगळ्यांना माहीत असतंय की रं, लिहून कशाला घेतोस?’