अंबर, केरबा आणि अँब्रोशिया

लखनऊच्या चौकात अत्तरवाल्याकडे 'अंबर' मागितलं की गोडसर, उबदार वासाचा फाया हाती येतो. गोमतीपलीकडच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेत 'अँबर' म्हटलं की कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांची दगड झालेली राळ. सुरत जिल्ह्यातल्या वस्तान खाणीत सापडलेल्या, सुमारे 5 कोटी वर्षं जुन्या राळेतले किडे अभ्यासणाऱ्यांत या संस्थेचे शास्त्रज्ञही होते.

हे दोन्ही शब्द अरबी 'अन्बर'चीच लेकरं. मूळ अन्बर स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतो. आपली वर्तमानपत्रं त्याला 'व्हेलची उलटी' म्हणतात. इतक्या दुर्मिळ सुगंधावर हा अन्यायच आहे. मलिक अंबरच्या नावातला अंबरही हाच. राळ आणि हा सुगंधी गोळा, दोन्ही लाटांबरोबर किनाऱ्याला लागत. फ्रेंचांनी एकाला पिवळा अंबर म्हटलं, दुसऱ्याला करडा. इंग्रजीत करड्याचा 'अँबरग्रीस' झाला आणि मूळ नाव पिवळ्याकडे गेलं. पीतांबरातलं अंबर मात्र संस्कृत. त्याचं या घराण्याशी नातं नाही.

'अँब्रोशिया'ही अँबरची कुणी नव्हे. ती आपल्या 'अमृता'ची सख्खी बहीण, दोघींच्या पोटात 'न मरणं' आहे. ग्रीक देवांचं हे अन्न अमेरिकेत संत्रं-नारळाचं गोड सॅलड झालं. वनस्पतिशास्त्रात तर त्याच नावाच्या तणाचे परागकण माणसाला शिंकांनी बेजार करतात!

मला सर्वांत लोभवतं ते पिवळ्या अंबरचं ग्रीक नाव, 'इलेक्ट्रॉन'. सूर्याचा रथ हाकताना फेथॉन कोसळला, त्याच्या बहिणींचे अश्रू गोठून हे खडे झाले, अशी कथा आहे. खडा घासला की काडीकचरा ओढतो, म्हणून 1600 मध्ये विल्यम गिल्बर्टने त्या ओढीला या खड्याचंच नाव दिलं आणि पुढे 'इलेक्ट्रिसिटी' आली. फारसीने तोच गुण पाहून खड्याला 'कहरुबा', म्हणजे काडी पळवणारा, म्हटलं; अरबीत आज वीज म्हणजे 'कहरबा'. दोन भाषा एकाच खड्यापासून निघून विजेपाशी पोहोचल्या. एवढा रसाळ योग मला दुसरा ठाऊक नाही.

हाच कहरुबा मराठीत 'केरबा' म्हणून केव्हाच रुळला होता. मराठीतून विज्ञान लिहिणाऱ्यांनी 'अँबर'च्या जागी तो बिनदिक्कत वापरावा.