हरण्यासाठी मांडलेला डाव

"ओळखा पाहू!" या दोन शब्दांत जेवढे आव्हान आहे तेवढेच आर्जवही आहे. दिवाळीचा फराळ झाला, मुलांचे फटाके संपले आणि घरची-दारची माणसे गच्चीवर टेकली, की कोणी तरी हे शब्द उच्चारतो आणि सगळ्यांची तोंडे त्याच्याकडे वळतात. याला कोणी कोडे म्हणतो, कोणी उखाणा. कुठे हुमाण, कुठे आहणा. नावे निराळी, खेळ एकच. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी कोड्यांचे संग्रह केले, त्यांवर प्रेमाने लिहिले. परंतु चांगले कोडे कोणते आणि वाईट कोणते, हा साधा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही. कवितेला आपण कसोटी लावतो, कथेला लावतो. मग कोड्यानेच काय पाप केले आहे?

आपल्या जुन्या साहित्यशास्त्रकारांनी हा प्रश्न टाळला नव्हता. संस्कृतात कोड्याला 'प्रहेलिका' म्हणतात. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत ती आहे, आणि आपल्या भेंड्यांची आजी शोभेल अशी 'प्रतिमाला'ही तिच्या शेजारीच बसली आहे. दंडीने 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे 16 प्रकार सांगितले. तिचा उपयोग काय, तर मित्रमंडळींच्या बैठकीत करमणूक, चारचौघांत गुपित बोलणे आणि दुसऱ्याला बुचकळ्यात टाकणे. पूर्वाचार्यांनी याशिवाय 14 'दुष्ट' प्रहेलिकाही मोजल्या होत्या, असे तो नोंदवतो. म्हणजे कोड्यातही सुष्ट आणि दुष्ट असते, हे आपल्याकडे फार पूर्वी ठरलेले आहे.

परंतु सगळेच पंडित दंडीइतके उदार नव्हते. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त निकाल दिला की, प्रहेलिका रसाच्या वाटेत आडवी येते, म्हणून तिला अलंकार म्हणू नये. ती नुसती उक्तीची गंमत. आणि भामहाने तर अशा गूढ रचनेविषयी एक मार्मिक टोमणा मारून ठेवला आहे. काव्यही जर शास्त्रासारखे टीकेवाचून कळेनासे झाले, तर तो उत्सव केवळ बुद्धिमंतांचा. मंदबुद्धीची माणसे बिचारी मेलीच! मला या टोमण्यातला 'उत्सव' हा शब्द फार मोलाचा वाटतो. उत्सव कोणाचा, हाच तर खरा प्रश्न आहे. काहींनी दिवे लावायचे आणि बाकीच्यांनी अंधारात उभे राहायचे, याला दिवाळी म्हणत नाहीत.

याच प्रश्नातून मला कोड्याची पहिली कसोटी सापडते. कोडे घालणाऱ्याचे मन कोणीकडे आहे? उत्तर यावे असे त्याला वाटते, की येऊ नये असे? चांगले कोडे हा हरण्यासाठी मांडलेला डाव असतो. घालणारा दडवतो खरा, पण लपंडावात लहान मुलासमोर पदराचे टोक बाहेर ठेवून लपणाऱ्या आईसारखा.

आपल्या परंपरेतले दोन थोर प्रश्नकर्ते पाहा. वनपर्वातला यक्ष दरडावून विचारतो, तळ्याकाठी चार भाऊ निश्चेष्ट पडले आहेत, आणि तरीही सारा प्रसंग संपल्यावर कळते की विचारणारा साक्षात यमधर्म, युधिष्ठिराचा पिताच होता. मुलाने उत्तरे द्यावीत म्हणूनच तो विचारीत होता. उत्तरे मिळाली आणि त्याने चौघेही भाऊ परत दिले. दुसरा वेताळ. राजाच्या खांद्यावर बसून तो गोष्टीमागून गोष्ट सांगतो, उत्तर आले की झाडावर परत जातो, राजाला पुन्हा पुन्हा फेऱ्या घालायला लावतो. वरवर पाहता हा छळच. परंतु शेवटी राजाला एका प्रश्नाचे उत्तर येत नाही आणि तो गप्प राहतो, तेव्हा हाच वेताळ प्रसन्न होऊन कपटी साधूचा बेत त्याला सांगतो आणि त्याचा जीव वाचवतो. इतक्या रात्रीच्या प्रश्नोत्तरांतून जमली ती मैत्रीच होती.

आता उलट बाजू पाहू. बायबलच्या जुन्या करारात शास्ते यांच्या पुस्तकात शमशोनाच्या लग्नाची हकीकत आहे. मेजवानी 7 दिवसांची, सोबती 30. त्यांना तो कोडे घालतो आणि पैज लावतो 30 तागाच्या वस्त्रांची आणि 30 पोशाखांची. कोड्याचे उत्तर होते सिंह आणि मध. कारण आपण मारलेल्या सिंहाच्या सांगाड्यात त्याने मधमाश्यांचे पोळे पाहिले होते. पण ते पाहिले होते त्याने एकट्यानेच! आईबापांनासुद्धा सांगितले नव्हते. मग त्या सोबत्यांनी ओळखावे कसे? त्यांनी नवरीला धमकावून उत्तर काढून घेतले, आणि पैज भागविण्यासाठी शमशोनाने अष्कलोनातली 30 माणसे मारून त्यांचे कपडे आणून दिले. या कथेचा धार्मिक अर्थ जाणत्यांनी सांगावा. परंतु कोड्याचा टीकाकार म्हणून मी एवढेच म्हणेन की हे कोडे दुष्ट होते. ज्याचे उत्तर सर्वांच्या दृष्टीच्या टप्प्यात नाही ते कोडे नव्हे. 'माझ्या मुठीत काय आहे?' असे विचारण्यासारखेच ते आहे.

म्हणून दुसरी कसोटी अशी की उत्तर सर्वांच्या ओळखीचे हवे. फक्त ओळखीच्या वस्तूकडे पाहण्याची दिशा अनोळखी हवी. उदाहरणादाखल मी एक साधेसे कोडे रचतो: 'घराचाच आहे, पण घरात कधी येत नाही, दारातच असतो, पण बाहेर कधी जात नाही.' वाचकहो, क्षणभर थांबा. उत्तर आहे उंबरठा. रोज ज्याला ओलांडतो, ज्याच्याजवळ रांगोळी काढतो, त्याच्याकडे आपण कधी पाहिलेच नव्हते, असे उत्तर कळल्यावर वाटते की नाही? आणि मागे वळून पाहिले तर कोड्यातला प्रत्येक शब्द खरा ठरतो, एकही शब्द फसवणुकीचा निघत नाही. ही झाली तिसरी कसोटी.

येथेच विश्वनाथाला नम्रपणे उत्तर देता येते. कोडे रसाला अडवते हे खरे. पण पाटाचे पाणी फळीने अडवतात तसे, क्षणभरच. फळी काढली की ते अधिक वेगाने धावते. उत्तर कळल्यावर जो हशा उठतो, 'अरे, एवढेच होय!' म्हणून कपाळावर जो हात जातो, तो रस नव्हे तर काय?

कोणी म्हणेल, मग संतांच्या कूट अभंगांचे काय? मुक्ताबाईंच्या अभंगातली मुंगी आकाशात उडते आणि सूर्याला गिळते. हे कोणाच्या दृष्टीच्या टप्प्यात आहे? बरोबर आहे. परंतु तेथे एका शब्दात उत्तर द्यायचेच नसते. ते कोडे जन्मभर उशाशी ठेवायचे असते. त्याला बैठकीतल्या खेळाची कसोटी लावणे म्हणजे समुद्र पायलीने मोजणे होय.

उलट, आपल्या लग्नाकार्यातला नाव घेण्याचा उखाणा पाहा. नवऱ्याचे नाव मांडवात सर्वांना ठाऊक असते, पत्रिकेवर ते छापलेलेही असते. तरीही नवरी यमक जुळवीत जुळवीत नावाशी येते तेव्हा बायका कान टवकारतात, आणि नाव आले की हसतात. ज्या शब्दाचा एक अर्थ कोडे, त्याच शब्दाने हा प्रकार ओळखला जावा, यात मोठे शहाणपण आहे. ओळखण्याचा आनंद माहिती मिळण्यात नसतो, मिळून वाट पाहण्यात असतो.

हे शहाणपण आजच्या माणसालाही सुचते, याचा एक अलीकडचा दाखला आहे. जॉश वॉर्डल नावाच्या गृहस्थाने आपल्या शब्दप्रेमी सहचारिणीसाठी 'वर्डल' हा खेळ तयार केला आणि 2021 मध्ये तो सर्वांना खुला केला. पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द, सहा वेळा अंदाज. अक्षर जागेवर असेल तर हिरवा चौकोन, शब्दात असून जागा चुकली असेल तर पिवळा. दिवसाला एकच शब्द, आणि तो सर्वांना सारखा. लोक आपले रंगीत चौकोन एकमेकांना दाखवीत, पण शब्द सांगत नसत. दुसऱ्याचा ओळखण्याचा आनंद हिरावून घ्यायचा नाही, हा संकेत लाखो अनोळखी माणसांनी आपण होऊन पाळला. 2022 च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने तो खेळ विकत घेतला. त्याचे खरे मोल मात्र त्या न सांगितलेल्या शब्दातच होते.

याच्या शेजारी आपल्या फोनवर येणारी कोडी ठेवून पाहा. 'फक्त बुद्धिमानच सोडवू शकतील', 'शंभरात एकालाच जमते' अशी त्यांची सुरुवात असते. ही आजची दुष्ट प्रहेलिका होय. ती ओळखायला बोलावीत नाही, पास-नापास करायला बोलावते. कुटुंबाच्या गटात असे कोडे आले की पुतण्या चटकन उत्तर टाकून मोकळा होतो, आणि गावची मावशी, जिला शंभर कोडी तोंडपाठ असतात, ती मुकाट्याने फोन बाजूला ठेवते. शाळामास्तर म्हणून सांगतो, परीक्षेतला प्रश्न आणि कोडे यांत हाच भेद आहे. परीक्षेत न आलेले उत्तर मुलाला खाली मान घालायला लावते. कोड्यात न आलेले उत्तर त्याला 'हरलो, सांगा' असे हसत म्हणायला शिकवते. ज्याला आयुष्यात एवढे एक वाक्य हसत म्हणता आले, त्याचे शिक्षण वाया गेले नाही.

एक काळजी मात्र मनात राहते. कोड्याला सामाईक जग लागते. 'बोलत गेली तशी झिजत गेली. बोललेले सारे बोटाने पुसून गेले', हे कोडे पाटीवर लिहिलेल्या पिढीला लगेच सुटेल. ज्यांनी पाटीवरची पेन्सिल हाती धरली नाही त्यांना ते शमशोनाच्या कोड्याइतकेच अन्यायाचे वाटेल. जाते, मोट, उखळ यांच्यावरची कितीतरी कोडी अशीच मुकी होत चालली आहेत. त्यांचे संग्रह जपावेत, पण तेवढ्याने भागणार नाही. आजच्या वस्तूंवर नवी कोडी रचावी लागतील. तेव्हा, वाचकहो, हा अंक मिटण्यापूर्वी एक घ्या: 'दिवसभर साऱ्या गावाशी बोलतो, आणि रात्री भिंतीला तोंड लावून पितो तेव्हाच सकाळी उठतो.' उत्तर मी येथे छापीत नाही. घरातल्या सर्वांत लहान मुलाला विचारा; आणि आजीला ओळखता आले नाही, तर त्या मुलाला म्हणावे, उत्तर सांगू नकोस, एक खूण दे.