निवेदनातला एक शब्द

आज आम्ही कथेची किंवा कादंबरीची नाही, एका वेगळ्याच लेखनाची समीक्षा करणार आहोत. आपल्याकडे त्याला 'निवेदन' म्हणतात. बारामती असो की इंदापूर, त्याचा साचा आपल्याला पाठ आहे. वर 'प्रति, मा. मुख्याधिकारी, नगरपरिषद', आणि शेवटी 'अन्यथा आंदोलन छेडण्यात येईल'. स्टँडवर किंवा भर बाजारात टांगलेल्या पिवळ्या पुस्तकांबद्दल लिहायचं झालं, की मधल्या जागेत ठरलेली वाक्यं येतात. संस्कृतीला धोका आहे, तरुण पिढी बिघडते आहे, अश्लील साहित्यावर तात्काळ बंदी घालावी.

तक्रार खोटी आहे असं आम्ही म्हणत नाही. खेड्यातून कॉलेजला येणारी मुलगी एसटीची वाट बघत उभी असते. समोर तसलं मुखपृष्ठ लटकत असतं, आणि ते चाळणारा माणूस पुस्तकातून मान वर काढून तिच्याकडे बघतो. हा त्रास खराच आहे. पण गंमत बघा, निवेदनात ती मुलगी कुठेच नसते. असते ती संस्कृती. आमचा पहिला आक्षेप इथंच आहे. ज्याला त्रास होतो तो माणूस गळून पडतो आणि एक मोठा शब्द उरतो, 'अश्लील'.

या शब्दाचं काय होतं, ते आपल्याच जिल्ह्यानं पाहिलंय. 'रंभा' मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' छापून आली. पुण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे एका वाचकानं फिर्याद केली. आरोपी कोण कोण? लेखक, मुद्रक-प्रकाशक, आणि अंक विकणारेसुद्धा. खालच्या कोर्टात सुटका झाली. मुंबई उच्च न्यायालयानं मात्र काकोडकरांना दोषी धरून 25 रुपये दंड केला आणि त्यांच्याजवळच्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. शेवटी 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. म्हणजे एका गोष्टीला अश्लील म्हणायचं की नाही, हे ठरायला सुमारे सात वर्षं आणि तीन कोर्टं लागली. ते काम मुख्याधिकाऱ्यांनी एका अर्जावर करावं, ही अपेक्षा कशी पुरी व्हायची?

दुसरा धोका याहून मोठा. हा शब्द सैल सोडला की तो भलत्याच माणसाला धरतो. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर 1934 मध्ये खटला झाला तो कशावरून? वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी उत्तरं दिली, म्हणून. बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते, तरी कर्व्यांना दंड झालाच. आज आपण कर्व्यांचं नाव आदरानं घेतो. पण 'युवा पिढी बिघडते' हे वाक्य तेव्हाही जसंच्या तसं लागू करता आलं असतं. शरीराची माहिती देणारं पुस्तक आणि बाईची विटंबना करून पैसा करणारं पुस्तक, यांतला फरक आपलं निवेदन करतच नाही.

मग लिहायचंच नाही का? लिहायचं, पण नीट लिहायचं. आधी दार ओळखायचं. एसटी स्टँड महामंडळाच्या ताब्यात असतो, तिथल्या स्टॉलला परवाना महामंडळ देतं. तिथली तक्रार आगारप्रमुखांकडे. रस्त्यावरची टपरी, फूटपाथवरची मांडणी, अतिक्रमण, हे नगरपरिषदेचं काम. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानंतर त्यासाठी नगर पथविक्रेता समितीही आहे. गुन्ह्याचा भाग पोलिसांचा. भारतीय न्याय संहितेत कलम 294 अश्लील पुस्तकांच्या विक्रीसाठी आहे आणि 295 मुलांना ती विकण्यासाठी. त्याच 294 मध्ये शास्त्र, साहित्य, कला आणि ज्ञान यांच्यासाठी सूटही ठेवलेली आहे.

दार कळलं की मागणीही बदलते. 'बंदी घाला' ऐवजी लिहा: अमुक फलाटासमोर, मुलांच्या नजरेच्या उंचीवर, अशी मुखपृष्ठं दर्शनी टांगलेली असतात, ती तिथून हलवावीत, अठरा वर्षांखालच्या मुलांना विकू नयेत, मुलींना उभं राहायला उजेडाची, निर्धोक जागा असावी. या मागणीत पुस्तक वाचून निकाल कुणालाच द्यायचा नाही. जागा आणि वय एवढंच तपासायचं, आणि ते अधिकाऱ्याला खरोखर करता येतं.

कुणी म्हणेल, एवढी मवाळ भाषा वापरली तर दखल कोण घेणार? आमचा अनुभव उलटा आहे. 'संस्कृती वाचवा' या अर्जावर पोचेचा शिक्का मारून तो फायलीत ठेवता येतो. 'तिसऱ्या फलाटासमोरचा स्टॉल' असं लिहिलं, की कुणाला तरी उठून बघायला जावं लागतं.

तेव्हा मंडळी, पुढचं निवेदन लिहायला बसाल तेव्हा आधी त्या मुलीला विचारा, तुला नेमका त्रास कशाचा होतो? ती सांगेल तेच पहिलं वाक्य म्हणून लिहा.