कोण कुठे जाणार? : 'मॉक ड्राफ्ट' नावाच्या भविष्यवाङ्मयाची चिकित्सा

दिवाळी अंक हाती आला की आमच्या घरात पहिल्यांदा उघडले जाते ते राशिभविष्याचे पान. संपादकीय, कथा, कविता सगळे नंतर. मीही त्याला अपवाद नाही. फरक इतकाच की मी मागच्या वर्षीचा अंक शेजारी ठेवून ते वाचतो. भविष्य सांगणारे लेखन कसे लिहिले जाते, ते चुकल्यावर लेखक काय करतो आणि वाचक ते का विसरतो, हा गेली काही वर्षे माझ्या अभ्यासाचा विषय आहे. कोणत्याही विद्यापीठाने तो मला नेमून दिलेला नाही. पंचांगातले पर्जन्यविचार, निवडणुकांचे कल, शेअर बाजाराचे सल्ले असे करत करत एका अमेरिकास्थित भाच्यामुळे मी ज्या प्रकारापाशी पोचलो, त्याला तिकडे 'मॉक ड्राफ्ट' म्हणतात. भविष्यवाङ्मयाचा इतका शुद्ध नमुना माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

आधी व्यवहार सांगतो. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो नव्हे. लांबट चेंडूचा, शिरस्त्राणे घालून खेळायचा धडकाधडकीचा खेळ. नॅशनल फुटबॉल लीग या व्यावसायिक स्पर्धेत 32 संघ आहेत. महाविद्यालयात खेळणाऱ्या मुलांतून हे संघ दर वर्षी एप्रिलच्या सुमारास आपापले खेळाडू निवडतात; हा 'ड्राफ्ट'. आयपीएलसारखी बोली इथे नसते. गेल्या हंगामात जो संघ तळाला गेला त्याला पहिली निवड, विजेत्याला शेवटची; अशा सात फेऱ्या, सुमारे अडीचशे मुले. खेळाडूला संघ निवडता येत नाही, संघच त्याला निवडतो. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी 1935 मध्ये ही कल्पना मांडली, कारण श्रीमंत संघच चांगली पोरे पळवत होते आणि त्यांचा स्वतःचा संघ सतत हरत होता. 8 फेब्रुवारी 1936 रोजी फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. तेव्हा त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही. 1980 पासून ईएसपीएन ही क्रीडावाहिनी तो दाखवू लागली आणि खेळाडूंची नावे पुकारण्याचा कंटाळवाणा कार्यक्रम बघता बघता राष्ट्रीय उत्सव झाला.

मॉक ड्राफ्ट म्हणजे हा कार्यक्रम होण्यापूर्वीच कागदावर पार पाडणे. पहिल्या क्रमांकावर अमुक संघ, तमुक खेळाडू. का, त्याची चार वाक्ये. मग दुसरा क्रमांक. असे बत्तीसपर्यंत. यात पळवाट नाही. 'वर्षाच्या उत्तरार्धात प्रवासयोग संभवतो' अशा वाक्याला नापास करता येत नाही. मॉक ड्राफ्टला येते. त्यात नाव आहे, क्रमांक आहे, संघ आहे, तारीख आहे. या बाबतीत त्याचा लेखक आपल्या राशिभविष्यकारापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. साखळीची अडचण वेगळीच. चौथ्या क्रमांकाच्या संघाने अनपेक्षित नाव घेतले, किंवा दोन संघांनी आपसात क्रमांकांची अदलाबदल केली, की पुढची सारी उतरंड कोसळते. शिवाय संघ मुद्दाम खोट्या बातम्या पेरतात. त्यामुळे बत्तीसपैकी दहा जोड्या अचूक जुळल्या तरी त्या लेखकाला वर्षभर मिरवता येते.

या लेखनाचे प्रवर्तक म्हणावेत अशी दोन नावे. मेल कायपर विशीच्या आसपास बाल्टिमोरमधल्या घरातून स्वतःची खेळाडू-मार्गदर्शिका काढून विकू लागले आणि 1984 मध्ये ईएसपीएनच्या पडद्यावर आले. दुसरे जोएल बुक्सबाऊम. ब्रुकलिनमधल्या एका फ्लॅटमध्ये राहून, सामन्यांच्या चित्रफिती पाहून आणि अखंड फोन करून ते 'प्रो फुटबॉल वीकली'साठी लिहीत. 2002 मध्ये ते वारले तेव्हा बिल बेलिचिकसारखे नामवंत प्रशिक्षक त्यांच्या चाहत्यांत होते. दोघांनीही हा खेळ व्यावसायिक पातळीवर कधी खेळला नव्हता.

म्हणूनच 1994 चा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. इंडियानापोलिस कोल्ट्स संघाने पाचव्या क्रमांकावर ट्रेंट डिल्फर या क्वार्टरबॅकऐवजी (क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकून सारा डाव चालवणारा) ट्रेव्ह अल्बर्ट्स या बचावपटूला घेतले. कायपर यांनी पडद्यावरच त्या निर्णयाची सालटी काढली. संघाचे व्यवस्थापक बिल टोबिन यांनी त्याच कार्यक्रमात उलट विचारले, हा कायपर कोण लागून गेला? माझ्या शेजारी राहणाऱ्या पोस्टमनची जेवढी पात्रता, तेवढीच याची, असाही त्यांच्या बोलण्याचा रोख होता. ज्याच्या नावापुढे पदवी नाही अशा प्रत्येक अभ्यासकाने हा प्रश्न कधी ना कधी ऐकलेला असतो. मी ऐकला आहे. त्यामुळे माझी सहानुभूती आधीच कायपर यांच्याकडे झुकलेली आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

पण निकाल काय लागला? अल्बर्ट्सची कारकीर्द दुखापतींमुळे तीन हंगामांत संपली. कायपर बरोबर ठरले, असे त्यांचे चाहते आजही म्हणतात. ते तितकेसे खरे नाही. खांदा निखळेल की नाही हे ना टोबिन जाणत होते, ना कायपर, ना शेजारचा पोस्टमन. शिवाय त्याच ड्राफ्टमध्ये टोबिन यांनी दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला मार्शल फॉक पुढे 'हॉल ऑफ फेम'मध्ये गेला, आणि डिल्फर नसतानाही कोल्ट्स 1995 च्या हंगामात अंतिम लढतीच्या उंबरठ्यापर्यंत पोचले. निकालावरून निर्णयाची पारख करणे हा समीक्षेतला सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा मार्ग आहे.

माझा या वाङ्मयावरचा मुख्य आक्षेप इथून सुरू होतो. मॉक ड्राफ्ट दोन वेगळे प्रश्न एकाच वाक्यात गुंडाळतो. कोणता मुलगा चांगला खेळेल, हा एक. कोणता संघ कोणाला घेईल, हा दुसरा. पहिला गुणवत्तेचा प्रश्न आहे, दुसरा इतरांच्या मताचा. पहिला ड्राफ्ट झाला त्याच महिन्यात, फेब्रुवारी 1936 मध्ये, लंडनमध्ये जॉन मेनार्ड केन्स यांचा रोजगार, व्याज आणि पैसा यांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या बाराव्या प्रकरणात त्यांनी शेअर बाजाराची तुलना वृत्तपत्रातल्या एका स्पर्धेशी केली आहे : शंभर छायाचित्रांतून सहा सुंदर चेहरे निवडायचे, पण बक्षीस त्याला, ज्याची निवड बहुसंख्य स्पर्धकांच्या निवडीशी जुळेल. मग शहाणा स्पर्धक स्वतःला सुंदर वाटणारा चेहरा निवडतच नाही. इतरांना कोणता सुंदर वाटेल, तो निवडतो. मॉक ड्राफ्ट हीच स्पर्धा आहे. लेखक एकमेकांचे अंदाज वाचतात आणि एप्रिल जवळ येईल तसतशा याद्या एकमेकींसारख्या होत जातात. पण चार वाक्यांतली भाषा मात्र पहिल्या प्रश्नाचीच राहते : 'याचा हात दमदार आहे', 'हा जन्मजात नेता आहे'. वाचकाला वाटते आपण गुणवत्तेचा निवाडा वाचतो आहोत. प्रत्यक्षात ती बाजारातली कुजबुज असते.

गुणवत्तेचा निवाडा तरी कितपत शक्य आहे? केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (पुढे, 2017 मध्ये, अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले) या दोघांनी ड्राफ्टच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. एकाच जागेवर खेळणारे, लागोपाठ निवडले गेलेले दोन खेळाडू घेतले, तर आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस निघण्याचे प्रमाण किती? सुमारे 52 टक्के. नाणेफेकीपेक्षा दोन टक्के जास्त. आणि हे हौशी लेखकांचे नव्हे, ज्यांच्याकडे पगारी स्काउट, वैद्यकीय अहवाल आणि मुलाखती असतात त्या संघांचे प्रगतिपुस्तक! आपल्याकडे जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. हुशार मुले आणि बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुले यांच्या कुंडल्या एकत्र करून कोणती कुणाची ते ओळखायला सांगितले. उत्तरे पाठवणाऱ्या 27 ज्योतिषांचे यश सरासरी 46 टक्के भरले. दोन आकडे शेजारी ठेवून टाळी घेण्याचा मोह होतो, पण तो आवरायला हवा. लागोपाठ निवडलेले दोघे मुळातच तोडीस तोड असतात. त्यांच्यात फरक करणे अवघडच. कुंडल्यांच्या चाचणीत दोन गट टोकाचे होते, तरीही जमले नाही. स्काउटला काही दिसत नाही असे मॅसी-थेलर म्हणत नाहीत. आपल्याला दिसते त्याहून फार जास्त दिसते, असे त्याला वाटते, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. म्हणून वरचा क्रमांक मिळवण्यासाठी संघ भलतीच किंमत मोजतात.

2017 मध्ये शिकागो बेअर्सने एक क्रमांक वर सरकण्यासाठी जादा निवडी देऊन मिचेल ट्रुबिस्कीला दुसरे घेतले. सिनसिनाटीने नववा घेतला जॉन रॉस, ज्याने त्याच वर्षीच्या चाचणीत चाळीस यार्ड 4.22 सेकंदांत धावून विक्रम केला होता. त्यानंतर लगेच, दहाव्या क्रमांकावर, पॅट्रिक महोम्स. पुढचे सांगायला नको.

सर्वांत बोलके टिपण मात्र टॉम ब्रेडीचे. 2000 सालच्या ड्राफ्टपूर्वी बुक्सबाऊम यांनी त्याच्याविषयी लिहिले त्याचा आशय असा : अंगकाठी किरकोळ, हात फार ताकदीचा नाही, पळण्यात संथ, डोके मात्र शांत. यातले एकही निरीक्षण चूक नव्हते. चाळीस यार्डांना त्याला 5.28 सेकंद लागले होते. सहा क्वार्टरबॅक त्याच्या आधी गेले आणि तो 199 वा निवडला गेला. नंतर त्याने सात सुपर बोल जिंकले. निरीक्षणे अचूक, बेरीज चूक. कारण मोजता येणारे ते आधी लिहिले गेले आणि न मोजता येणारे शेवटच्या ओळीत ढकलले गेले. पुस्तक परीक्षणे लिहिणाऱ्यांनी (मीही लिहितो) हे टिपण टेबलावर लावून ठेवावे.

या भाषेची आणखी एक सवय आहे : नव्याला जुन्याच्या नावाने ओळखणे. आपण 'अमक्यांच्या परंपरेतला कवी' म्हणतो तसेच. यात सोय आहे, पण ज्याचा पूर्वज पुस्तकात नाही त्याचे काय? कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकांच्या बाबतीत हे फार काळ घडले. त्यांच्या वाट्याला 'चपळ', 'नैसर्गिक' ही विशेषणे. 'बुद्धिमान', 'नेतृत्वक्षम' ही गोऱ्यांच्या. वॉरन मून याला 1978 मध्ये एकाही संघाने निवडले नाही. तो कॅनडात गेला, तिथे एडमंटनसाठी पाच अजिंक्यपदे मिळवली, मग परत येऊन 2006 मध्ये 'हॉल ऑफ फेम'मध्ये दाखल झाला. चाळीस वर्षांनी, 2018 मध्ये, लमार जॅक्सनने क्वार्टरबॅकची जागा सोडून दुसरीकडे खेळावे असा सल्ला जाणत्यांनी दिला. चार क्वार्टरबॅकांनंतर, पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी, तो 32 वा निवडला गेला आणि पुढच्याच वर्षी एकमताने लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. विशेषणांची किंमत कुणीतरी मोजत असते.

आणि 2025. शेडूर सँडर्स हा कायपर यांच्या यादीतला त्या वर्षीचा अव्वल क्वार्टरबॅक. कित्येक मॉक ड्राफ्टनी त्याला पहिल्या फेरीत बसवले होते. ग्रीन बे इथे प्रत्यक्ष ड्राफ्ट झाला तेव्हा पहिला दिवस गेला, दुसरा गेला. पाच क्वार्टरबॅक त्याच्या आधी निवडले गेले, त्यातला एक तर क्लीव्हलँड ब्राउन्सनेच घेतला होता. अखेर त्याच ब्राउन्सने पाचव्या फेरीत 144 व्या क्रमांकावर सँडर्सचे नाव पुकारले. कायपर पडद्यावर संतापले. सगळीकडे एकच क्रियापद : मुलगा 'घसरला'. पण कुठून घसरला? कोणत्याही संघाने त्याला वर बसवले नव्हते. तो ज्या कड्यावरून पडला तो कडा या याद्यांनीच बांधला होता. 2011 च्या करारापासून नवोदितांचे मानधन क्रमांकावरच ठरते. त्याचा करार पहिल्या क्रमांकाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याचा झाला. पैशांचा हिशेब संघांनी केला असेल, पण तीन दिवस घरातल्यांसमोर आणि देशासमोर ताटकळण्याची नामुष्की संघांनी दिलेली नव्हती. कायपर यांना त्या दिवशी संघांचा राग आला. आपल्या यादीचा आला नाही, आणि इथे माझी सहानुभूती संपते.

1936 च्या त्या हॉटेलातल्या पहिल्या ड्राफ्टमध्ये सर्वांत पहिले नाव पुकारले गेले ते शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरचे. त्या वर्षीचा महाविद्यालयीन सर्वोत्तम खेळाडू, नंतर ज्याला हाइझमन म्हणू लागले त्या पारितोषिकाचा पहिलाच मानकरी. ईगल्सने त्याला निवडले, मग त्याचे हक्क शिकागो बेअर्सला दिले. मानधन जमले नाही. बर्वँगरने व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना न खेळता रबराच्या धंद्यात विक्रेत्याची नोकरी धरली. ते पारितोषिक बरीच वर्षे त्याच्या मावशीच्या घरी होते. दार आपटू नये म्हणून ती ते दाराला टेकवून ठेवत असे.